वादळात हात उंचावणारा बाप: ‘मॅन ऑफ स्टील’मधल्या जोनाथन केंटच्या मृत्यूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मॅन ऑफ स्टील’ या सुपरमॅनच्या चित्रपटाबद्दल काहीही लिहिलं की पाठोपाठ जोनाथन केंटच्या, म्हणजे सुपरमॅनला वाढवणाऱ्या बापाच्या, मरणाबद्दल प्रश्न येतात. कुणी चिडून विचारतं, कुणी हळवं होऊन, आणि बऱ्याच जणांना मनापासून कळत नसतं की आपल्याला नेमकं काय खटकलं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगतो: या प्रसंगातला बाप मला पूर्ण पटतो, मुलगा अर्धाच पटतो.

१. प्रसंग नेमका काय आहे? चित्रपट पाहून बरीच वर्षं झाली.

चित्रपट जून २०१३ चा. दिग्दर्शक झॅक स्नायडर, पटकथा डेव्हिड गॉयर यांची. परग्रहावरून आलेला आणि पुढे सुपरमॅन होणारा क्लार्क म्हणजे हेन्री कॅव्हिल, त्याला वाढवणारे जोनाथन आणि मार्था केंट म्हणजे केव्हिन कॉस्टनर आणि डायेन लेन.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात तिघं गाडीतून चाललेत आणि बापलेकाची शेतीवरून जुंपली आहे. आमचं घराणं पाच पिढ्या शेती करतंय, असं जोनाथन म्हणतो. क्लार्क म्हणतो, तुमचं घराणं, माझं नाही. आणि मग ते वाक्य येतं: तुम्ही माझे वडील नाही, शेतात मी ज्यांना सापडलो ते कुणीतरी आहात. एवढ्यात पुढच्या गाड्या थांबतात, टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरत येणारं वादळ, दिसतो. जोनाथन लोकांना गाड्यांतून उतरवून महामार्गावरच्या पुलाखाली पाठवतो. कुत्रा गाडीतच राहिल्याचं लक्षात येतं. क्लार्क निघतो, पण जोनाथन त्याला आईकडे पाठवून स्वतः जातो. कुत्रा सुटतो, जोनाथनचा पाय मात्र अडकतो. पाय सोडवून तो लंगडत बाहेर येतो तेव्हा वादळ अंगावर आलेलं असतं. पुलाखालून क्लार्क झेपावणार इतक्यात जोनाथन हात उंचावून मान हलवतो. येऊ नकोस. पुढच्या क्षणी तो दिसेनासा होतो.

२. माणूस आकाशात उडतो ते चालतं, मग वडिलांच्या मरणात तर्क कशाला शोधायचा?

कारण त्या दोन गोष्टींवर आपण दोन वेगळ्या मनांनी विश्वास ठेवतो. उडणं ही गोष्टीची अट आहे. तिकीट काढतानाच आपण ती मान्य केलेली असते. घरातल्या माणसाचं मरण मात्र आपण आपल्या अनुभवाच्या मापाने मोजतो. त्या बाबतीत प्रत्येक प्रेक्षक जाणकार असतो, कारण कुणाचं ना कुणाचं जाणं त्याने पाहिलेलं असतं.

म्हणून ‘हे होऊ शकतं का’ यापेक्षा ‘ही माणसं त्या घडीला अशी वागली असती का’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. खालची बहुतेक उत्तरं याच कसोटीवर दिली आहेत. वादळाच्या विज्ञानाबद्दल प्रश्न ५ आणि ६ पाहा.

३. क्लार्कने ठरवलं असतं तर वडिलांना सहज उचलून आणलं असतं. तो थांबलाच कसा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

चित्रपटाचं म्हणणं क्लार्क स्वतः सांगतो. वडिलांच्या कबरीजवळ तो त्याचा माग काढत आलेल्या लोइस या पत्रकार बाईला म्हणतो की त्यांच्यावर विश्वास होता म्हणून मी त्यांना मरू दिलं. जग अजून तयार नाही, मी थांबायला हवं, अशी त्यांची खात्री होती. म्हणजे जोनाथनने स्वतःच्या जिवापेक्षा मुलाचं गुपित मोठं मानलं, आणि मुलाने ते मान्य केलं.

हे कानाला थोर वाटतं. पण पडद्यावर पुलाखाली घाबरलेली मोजकी माणसं आहेत, धूळ आहे, धावपळ आहे. काळ खिशातल्या कॅमेऱ्यांचा नाही. वादळातून एक धडधाकट पोरगा बापाला ओढून आणताना दिसला असता, तर लोकांनी ‘देवाची कृपा’ म्हटलं असतं आणि आठवड्याभरात विसरले असते. गुपित फुटण्याचा धोका इतका छोटा आणि किंमत इतकी मोठी, म्हणून प्रेक्षक नकळत हिशोब मांडायला लागतो. मरणाच्या प्रसंगात प्रेक्षक हिशोबाला बसला की प्रसंग हातातून गेलाच.

तरीही क्लार्कच्या थांबण्याचं एक कारण त्याच प्रसंगात आहे, आणि ते मला दुसऱ्यांदा पाहताना कळलं. ‘तुम्ही माझे वडील नाही’ हे तो काही मिनिटांपूर्वी बोललाय. त्यानंतर तो माणूस हात वर करून काहीतरी मागतो. त्या क्षणी ऐकणं हा क्लार्कजवळ माफी मागायचा एकच मार्ग उरलाय. तुम्ही माझे वडील आहात, हे तो न हलण्यातून सांगतो. असं पाहिलं तर त्याचं थांबणं भयंकर आहे आणि खरंही आहे. पण चित्रपट या धाग्यावर थांबत नाही. क्लार्क कबरीजवळ जगाची तयारी, विश्वास वगैरे बोलतो. गाडीतल्या त्या वाक्याबद्दल अवाक्षर काढत नाही. खरं कारण हाताशी असून भाषणातलं कारण पुढे केलंय. मुलगा मला अर्धाच पटतो तो याच जागी.

४. कुत्र्यासाठी कुणी जीव देतं का?

देतं. खेड्यात राहिलेल्या कुणालाही हा प्रश्न पडणार नाही. पूर आला की दावणीची जनावरं सोडायला माणसं पाण्यात शिरतात, कधी कधी परत येत नाहीत. शेतकरी माणूस गाडीत अडकलेल्या कुत्र्यासाठी मागे फिरला, यात मला काहीच खोटं दिसत नाही. शिवाय निघताना तो मरायला निघालेला नव्हता. जाऊन येऊ, इतकंच त्याच्या डोक्यात होतं.

खटकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: कुत्र्यासाठी कोण जाणार हा निर्णय. तेव्हा वादळ अजून लांब आहे. तरुण पोरगा गाडीपर्यंत धावत जाऊन कुत्र्याला घेऊन आला असता, तर कुणाला कसलाही संशय आला नसता. त्यासाठी अलौकिक ताकद दाखवायची गरजच नव्हती. जोनाथन त्याला अडवतो ते बापाच्या सवयीने. धोक्याच्या ठिकाणी आधी मी, मागून तू. स्वभाव म्हणून हे अस्सल आहे. पण ज्या पोराला काहीच इजा होत नाही, त्याच्याबाबतीत ही सवय किती वेडी आहे हे जोनाथनच्या चेहऱ्यावर एकदा तरी दिसायला हवं होतं.

५. टोर्नेडो आला तर पुलाखाली लपणं योग्य आहे का?

नाही. प्रसंगातली सर्वांत मोठी वास्तवातली चूक हीच आहे. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या भागांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे उत्तर जरूर लक्षात ठेवावं.

पुलाखालचा आसरा सुरक्षित असतो हा समज पसरायला एप्रिल १९९१ मधलं एक चित्रण बरंच कारणीभूत ठरलं. कॅन्ससमधल्या महामार्गावर टीव्हीचे लोक आणि काही प्रवासी पुलाखाली लपले आणि वाचले. ते चित्रण जगभर दाखवलं गेलं. पुढे ३ मे १९९९ ला ओक्लाहोमातल्या टोर्नेडोंमध्ये महामार्गावरच्या पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी तीन जण मरण पावले आणि अनेक जबर जखमी झाले. पुलाखालच्या अरुंद जागेत वाऱ्याचा वेग उलट वाढतो. पुलाखालच्या उतारावर वर चढून बसलं की तिथे वारा आणखी जोराचा लागतो. उडत येणारे पत्रे, लाकडं, काचा यांना अडवणारं काहीच नसतं. त्यात लोकांनी पुलाखाली गाड्या थांबवल्या की मागच्यांचा रस्ता बंद होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा सल्ला असा: जवळ पक्की इमारत असेल तर तिचा आसरा घ्या. तेवढा वेळच नसेल तर गाडीत पट्टा लावून, डोकं खिडकीच्या काचेखाली झुकवून, हातांनी झाकून बसा. किंवा रस्त्याच्या पातळीपेक्षा बऱ्याच खालच्या खड्ड्यात, चरात पालथे पडून डोकं झाका.

जोनाथनला हे ठाऊक नसणं मात्र मला चूक वाटत नाही. त्या काळात कॅन्ससमधल्या कितीतरी शहाण्या माणसांचा हाच समज होता. चूक इतकीच की चित्रपटात पुलाखालचे सगळे सुखरूप राहतात आणि समज पक्का होतो.

६. माणूस असा उभ्या उभ्या वादळात विरघळून जातो का?

नाही. टोर्नेडोत माणसं मरतात ती मुख्यतः वाऱ्याबरोबर उडत येणाऱ्या वस्तूंच्या माराने. फिरता स्तंभ इतका जवळ असताना दुखऱ्या पायावर ताठ उभं राहणं आणि शांतपणे हात उंचावणं जवळजवळ अशक्य. १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टोर्नेडोत गाडीवर बसवलेल्या रडारने वाऱ्याचा तासाला सुमारे ४८० किलोमीटर वेग मोजला होता. चित्रपटातला इतका जोराचा नाही असं धरलं, तरी माणूस आधीच आडवा झाला असता.

पण याबद्दल माझी तक्रार नाही. धुळीच्या पडद्याआड बाप दिसेनासा होणं हे मुलाच्या आठवणीतलं दृश्य आहे. प्रसंग क्लार्कच्या तोंडून सांगितला जातो, आणि आठवणीत माणसं अशीच दिसतात: स्पष्ट, ताठ, आपल्याकडे बघत असलेली.

७. मुलं बुडत असताना ‘मरू द्यायला हवं होतं कदाचित’ म्हणणारा बाप कसला आदर्श?

हा आधीच्या प्रसंगाचा संदर्भ. शाळेची बस नदीत पडते, लहानगा क्लार्क ती ढकलून वर आणतो. नंतर तो वडिलांना विचारतो, मी काय करायला हवं होतं, त्यांना मरू द्यायचं? जोनाथन म्हणतो, कदाचित.

लोक त्या एका शब्दावर अडतात. मी त्या शब्दाआधीच्या थांबण्याकडे बघतो. कॉस्टनर यांच्या चेहऱ्यावर तेव्हा खात्री नाही, भीती आहे. उत्तर नसलेला बाप तिथे उभा आहे. दुसऱ्यांची मुलं वाचली याचा आनंद आणि आपलं पोर कुणीतरी घेऊन जाईल ही धास्ती एकाच वेळी मनात असणारा कुठलाही आईबाप असंच काहीतरी अर्धवट बोलेल. पुढे, तो ज्यातून पृथ्वीवर आला ते कोठारातलं यान पाहिल्यावर क्लार्क विचारतो, मी तुमचाच मुलगा असल्यासारखं राहू शकत नाही का? जोनाथन त्याला मिठीत घेऊन सांगतो, तू माझाच मुलगा आहेस. आख्ख्या चित्रपटातला सर्वांत खरा क्षण हाच. गाडीतलं ते वाक्य इतकं लागतं तेही यामुळेच.

८. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्येही जोनाथन मरतो. ते मरण जास्त पटतं असं का म्हणतात?

रिचर्ड डॉनर यांच्या त्या चित्रपटात ग्लेन फोर्ड जोनाथन झाले होते. बापलेक घराकडे चाललेत, मुलगा धावत पुढे जातो, बाप मागे हात चोळत थांबतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याने जमिनीवर कोसळतो. शेवटचं लांबलचक बोलणं नाही, खलनायक नाही.

ते पटतं याची दोन कारणं आहेत. एक, तिथे मुलाची ताकद खरोखरच निरुपयोगी आहे. एवढं सगळं करता येत असूनही मी त्यांना वाचवू शकलो नाही, हे दुःख क्लार्क दफनाच्या वेळी बोलून दाखवतो. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात उभं राहिलेल्या प्रत्येकाला ते कळतं. पैसा, ओळखी, धावपळ, सगळं असून काही चाललं नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डॉनर मरणानंतरचा वेळ देतात. दफन आहे. एकटी पडलेली आई आहे. मग उभ्या पिकाच्या शेतात मायलेकाचा निरोप आहे. मरण पटतं ते मागे राहिलेल्यांच्या हालचालींवरून. कुणी चहा केला, कुणी गुरांना चारा टाकला, चपला किती दिवस दारात राहिल्या. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये किंकाळी झाली की आपण थेट वर्तमानात येतो. पुलावरून घरी परतताना मार्था आणि क्लार्क एकमेकांशी काय बोलले असतील? मला तो प्रसंग पाहायचा होता.

९. मूळ कॉमिक्समध्ये तो कसा मरतो?

एकच एक उत्तर नाही. सुपरमॅन १९३८ मध्ये आला, आणि त्यानंतर लेखकांनी केंट दांपत्याला कधी आजाराने, कधी अपघाताने मारलं, कधी जिवंत ठेवलं. १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी गोष्ट नव्याने सांगितली तेव्हा दोघंही हयात होते. २००८ मध्ये जोनाथनला हृदयविकाराचा झटका आला. ‘स्मॉलव्हिल’ या मालिकेच्या शंभराव्या भागातही तसाच अंत आहे. २०२५ च्या ‘सुपरमॅन’मध्ये दोघं जिवंत आहेत. टोर्नेडोची कल्पना २०१३ च्या चित्रपटाची.

१०. आपल्याकडे वडिलांची आज्ञा पाळणं मोठं मानतात. मग मराठी माणसाला हा प्रसंग जास्त पटायला हवा ना?

हे विचारणारे बहुतेक जण रामाचं उदाहरण देतात. पण वाल्मीकींकडे जरा नीट पाहा. दशरथ वरांच्या वचनात अडकलेला आहे, आणि रामाला म्हणतो की मला कैद करून तू राजा हो. म्हणजे मुलाने ऐकू नये अशी बापाचीच इच्छा आहे. राम मात्र बापाचा शब्द खरा करायला वनात जातो, आणि मागे दशरथ प्राण सोडतो. तिथे आज्ञेपेक्षा वचन मोठं आहे, आणि त्या वचनाची पार्श्वभूमी आपण आधी ऐकलेली आहे.

जोनाथनची मागणी उलटी आहे. माझं ऐक आणि मला मरू दे. आज्ञाधारकपणाचा संस्कार असलेल्या प्रेक्षकाला क्लार्क लवकर समजतो हे खरं; घरोघरी पाहिलंय मी ते. पण समजणं आणि पटणं यांत अंतर आहे. (प्रश्न ३ मधला माफीचा मुद्दा इथेही लागू होतो.)

११. बॅटमॅनच्या आईवडिलांच्या खुनाबद्दल कुणी असे प्रश्न का विचारत नाही?

कारण ब्रूस, म्हणजे पुढचा बॅटमॅन, तेव्हा लहान मूल असतो, त्याच्या हातात काहीच नसतं. नोव्हेंबर १९३९ च्या कॉमिकपासून ती रस्त्यावरची रात्र, ते पिस्तूल, ते दोन देह तसेच आहेत. तिथे अडचण विश्वासाची नसून सवयीची आहे. इतक्या वेळा पाहिलंय की आईच्या तुटलेल्या माळेचे मोती घरंगळायला लागले की डोळे कोरडेच राहतात. २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये एक छोटा बदल केला: ऑपेरा पाहताना मुलगा घाबरतो, बाहेर जाऊया म्हणतो, म्हणून आईवडील अंधाऱ्या गल्लीत येतात. तेवढ्याने जुनं मरण पुन्हा ताजं झालं. मुलाला वाटणारा दोष आला आणि त्याबरोबर विश्वासही आला.

१२. ‘तुम्ही माझे वडील नाही’ असं बोलून मग मरण, हे स्पायडरमॅनमध्येही होतं ना?

होतं. २००२ च्या चित्रपटात पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, गाडीतच त्याला वाढवणाऱ्या अंकल बेनना म्हणतो की मग वडील असल्याचं नाटक करू नका. त्याच रात्री बेन जातात. साहित्य तेच आहे: गाडी, भांडण, सख्खे नसलेले पण वाढवणारे वडील. फरक असा की पीटर गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचतो, खाली बसतो, त्यांचा हात हातात घेतो. २०१४ च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’त उलट आहे. आई दवाखान्यात हात पुढे करते, त्या चित्रपटाचा नायक, लहान पीटर क्विल, घाबरून तोंड फिरवतो, आणि ती जाते. न धरलेला तो हात त्याला आख्खा चित्रपट छळतो आणि शेवटी गोष्टीला उपयोगी पडतो.

क्लार्कच्या वाट्याला धरलेला हातही नाही आणि न धरल्याची बोचही नाही.

१३. २०१६ च्या पुढच्या चित्रपटात जोनाथन पुन्हा दिसतो. त्याने आधीची उणीव भरून निघते का?

थोडीशी. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये बर्फाळ डोंगरावर क्लार्कला वडील दिसतात आणि स्वतःच्या लहानपणची गोष्ट सांगतात. पूर आला, बापलेकांनी पाणी अडवून शेत वाचवलं, आईने कौतुकाने केक केला, आणि तेच वळवलेलं पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरून त्याचे घोडे बुडाले. कितीतरी दिवस झोपेत त्यांचं ओरडणं ऐकू यायचं, असं जोनाथन सांगतो.

ही गोष्ट तीन वर्षं आधी, टोर्नेडोच्या आधी, आपल्या कानावर आली असती तर? वाचवण्याची किंमत दुसरा कुणीतरी भरतो ही जोनाथनची भीती आपल्याला घोड्यांच्या आवाजासकट ठाऊक असती. मग त्याने हात उंचावला तेव्हा हिशोब मांडायला कुणी बसलं नसतं.

१४. सगळे हसतात आणि मला मात्र रडू आलं. माझं काही चुकतंय का?

मुळीच नाही. मलाही येतं. माझे वडील एसटी स्टँडवर सोडायला यायचे. बस हलली की मी दाराकडे सरकायचो, आणि ते तळहात दाखवून मान हलवायचे. उतरू नकोस, जा. जोनाथनने हात वर केला की मला टोर्नेडो दिसतच नाही. वर लिहिलेल्या सगळ्या त्रुटी मला दिसतात, आणि तरी तो हात खरा वाटतो.

१५. माझे वडील नुकतेच गेले. घरातली मुलं हा चित्रपट लावायचा हट्ट धरतायत. पाहू का?

इतक्यात नको असं वाटत असेल तर अजिबात पाहू नका, मुलांना दुसऱ्या कुणासोबत बसवा. तुम्हीही बसणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: लोइस क्लार्कला शोधत कबरस्तानात येते, तिथून हा प्रसंग सुरू होतो. ती दिसली की पाणी प्यायला उठा किंवा तेवढा भाग पुढे ढकला. वडील वादळात गेले आणि त्यांनीच मुलाला येऊ दिलं नाही, इतकं माहीत असलं तरी पुढची गोष्ट कळते. बसच्या अपघातानंतरचं कोठारातलं बोलणं मात्र मुलांसोबत पाहता आलं तर पाहा.